केशरबाईनं उसना दिलेला पंप

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेला हा पितळी पंप पाहून तुम्हाला वाटेल, मोडीत घालायला ठेवलाय. तसं नाही. माझी टाकी कुठे फुटलेली नाही, दांडा मोडलेला नाही, आणि दाब धरायची माझी ताकद अजून जशीच्या तशी आहे. तरीही मागच्या डिसेंबरपासून मला कुणी पाठीवर घेतलेलं नाही. धम्मदीपनं माझ्या गळ्याभोवती तांबड्या रंगाचा पट्टा ओढला आणि मला इथं आणून ठेवलं, तेव्हापासून मी इथंच आहे. या घरातली माणसं त्या गोष्टीबद्दल बोलत नाहीत. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यातला. पितळेचा पत्रा ठोकून, सांधे झाळून त्यांनी मला सोळा लिटरचं पोट दिलं, हाताला दांडा दिला, रबरी नळी दिली आणि आत चामड्याचा वायसर बसवला. हिंगोलीच्या बाजारात एका दुकानाच्या दारात मी चकाकत उभा होतो, तेव्हा सोनाजीनं मला पाहिलं. त्या वेळी प्लास्टिकचे पंप स्वस्तात मिळू लागले होते. पण सोनाजी म्हणाला, "प्लास्टिक दोन सालात तडकतंय. घ्यायचा तर पितळीच." मला ते ऐकून फार बरं वाटलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

सोनाजीचं गाव औंढा तालुक्यातलं, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरचं. त्याची स्वतःची तीन एकर मुरमाड जमीन होती, पण पोट भरायचं ते दुसऱ्यांच्या रानातल्या फवारणीवर. कपाशीच्या दिवसांत तो मला पाठीला बांधून पार सेनगावपर्यंत जायचा. गावात त्याचं सगळ्यात जास्त काम असे कोंडीबा पाटलाच्या रानात. कोंडीबाचा बाप तेव्हा जिवंत होता. पितळेचा पंप म्हणून मला तो कौतुकानं हात लावून पाहायचा. सोनाजीला मात्र चहा मिळायचा तो वेगळ्या पेल्यातून. चहा झाला की सोनाजी तो पेला स्वतः राख लावून घासायचा आणि गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून द्यायचा. कितीही घासला तरी तो पेला घरात जात नसे.

सोनाजीची बायको केशरबाई तिथंच खुरपायला असायची. ती हे रोज पाहायची. तिथं ती काही बोलत नसे, पण घरी आली की तिचं तोंड सुटे. "घासलेलं भांडं घासलेलंच असतंय," ती म्हणायची. "त्यात बाट कसला राहून राहिला? माणसाच्या डोक्यात बाट असतोय, भांड्यात न्हाई." सोनाजी हसून म्हणायचा, "मला काय सांगून राहिलीस? पाटलाला सांग." मित्रांनो, तिचं हे बोलणं ध्यानात ठेवा. ते शंभर टक्के खरं होतं. आणि त्या खऱ्या बोलण्यानंच पुढं घात केला.

एका ऑक्टोबरात, उन्हाचा कहर असताना, सोनाजी डोक्याएवढ्या कपाशीत फवारत होता. वारा समोरून होता. तोंडाला नुसता रुमाल. घरी आल्यावर त्याला अंधूक दिसायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्याची माती घरी आली. ते विष माझ्याच पोटातून गेलं होतं. अवजाराला दोष नसतो असं मोठी माणसं म्हणतात. त्यांना म्हणू द्या. मला मात्र त्या दिवसापासून माझ्या चकाकीची लाज वाटू लागली.

त्यांचा मुलगा धम्मदीप तेव्हा शेतीची पदविका करत होता. बापाचं सगळं आटोपल्यावर त्यानं मला उचललं आणि आईला म्हणाला, "माय, या पंपात आता कधीच इख भरायचं न्हाई." त्यानं मला मोडीत घातलं असतं तर बरं झालं असतं. पण बापाची आठवण कोण मोडीत घालतो? त्यानं माझी नळी बदलली, वायसर बदलला, नोझल नवं घातलं, आणि टाकी कढत सोड्याच्या पाण्यानं पाच वेळा धुतली. मग तीन एकरांतल्या दीड एकरावर त्यानं द्राक्षं लावली. खायची नव्हेत, वाइनची. शिराझ नावाची काळी, बारीक, बियांची जात. गाव हसलं. हळदीच्या नि सोयाबीनच्या मुलखात द्राक्षं, आणि तीही खायला न येणारी!

केशरबाई हसली नाही. ती चिडली. तिनं पंचशील घेतलेलं. संध्याकाळी विहारात ती सगळ्यांच्या पुढं बसायची. "रोज पाचवं शील म्हणते मी, मद्याला शिवणार न्हाई म्हणून," ती म्हणाली, "अन् पोरगं माझ्याच रानात दारूचं झाड लावून राहिलं."

"माय, आपण द्राक्षं विकून राहिलो. दारू न्हाई."

"हे पोलिसाला सांगायचं उत्तर झालं. मला सांगू नको."

पण मळा वाढू लागला तशी ती विरघळली. रासायनिक औषध नाही, खत नाही. दोन ओळींमध्ये ताग पेरायचा आणि फुलायच्या आधी तिथंच गाडायचा. बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन. ठिबकनं मोजून पाणी. माझ्या पोटात जायचा तो दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क, कधी मोरचूद नि चुन्याचं मिश्रण, भुरी रोगासाठी गंधक. ज्यानं नवऱ्याला गिळलं त्या पंपातून आता कडुलिंबाच्या पाल्याचा वास येतो हे पाहून केशरबाई एकदा माझ्यावर हात फिरवून रडली होती. त्यानंतर मला धुवायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं.

धम्मदीपची धडपड एका कागदासाठी होती. नाशिककडची एक वाइनरी सेंद्रिय प्रमाणित वाइन काढणार होती. तिला प्रमाणपत्र असलेल्याच मळ्याची द्राक्षं हवी होती. त्यासाठी सलग तीन वर्षं रानात विषाचा थेंब पडता कामा नये. तपासायला साधनाताई नावाच्या निरीक्षक यायच्या. त्या मातीला हात लावून पाहायच्या, पानं पिशवीत घालून प्रयोगशाळेत न्यायच्या. पहिलं वर्ष पास झालं. दुसरं झालं. तिसऱ्या वर्षी वाइनरीची मंजुषा नावाची मुलगी फोटो काढायला आली. बाटलीवरचा चौकोन मोबाइलनं टिपला की गिऱ्हाइकाला हा मळा दिसणार, मळ्यातली माणसं दिसणार, असं तिनं समजावलं.

"मावशी, बाटली हातात धरून एक फोटो काढू?"

"बाटली न्हाई धरणार," केशरबाई म्हणाली. "हा पंप धरते. हा आमच्या मालकाचा हाय."

आणि मित्रांनो, माझा फोटो निघाला. केशरबाईच्या पाठीवर मी, मागं काळ्या घडांच्या ओळी. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. मी फुगून गेलो होतो.

जमीन केशरबाईच्या नावावर होती, म्हणून प्रमाणपत्रही तिच्याच नावानं मिळणार होतं. सगळे नियम धम्मदीपला तोंडपाठ. साधनाताईंशी तो तासन्‌तास बोलायचा, मंजुषाला समजावून सांगायचा. आईला त्यानं एवढंच सांगितलं होतं, "माय, हा पंप कुणाला द्यायचा न्हाई." ती म्हणाली, "बरं." का द्यायचा नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. घरात असंच चालतं. बाहेरच्यांना सगळं समजावायचं आणि घरच्यांना नुसता हुकूम सोडायचा.

डिसेंबर उजाडला. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलींना फुलोरा येऊन गेला होता आणि मोहरीएवढे मणी धरत होते. शेवटची तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. धम्मदीप दोन दिवस वाइनरीच्या बैठकीला नाशिकला गेला. त्या सकाळी आमच्या दारात कोंडीबा पाटील येऊन उभा राहिला.

त्याचा बाप जाऊन आता वीस वर्षं झाली होती. कोंडीबाही साठीला आला होता. तो माणूस वाईट नव्हता. रस्त्यात भेटला की बोलायचा, मान हलवायचा. पण आमच्या अंगणात त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं. तो रामराम म्हणाला नाही आणि जय भीमही म्हणाला नाही. नुसता खाकरला.

"केशरबाई, जरा अडचण होती."

"बोला की भाऊ."

"गव्हात तण माजून राहिलं. पंपाची बॅटरी बसली, औंढ्याला दुरुस्तीला टाकला. आता चार दिस गेले तर तण हाताबाहेर जाईल. तुमचा पंप मिळाला असता एक दिवस..." तो थांबला, मग घाईनं म्हणाला, "बराबर धुऊन आणून देतो. घासून देतो."

मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिला लेकाचा हुकूम आठवला, हे मला कळलं. कारण तिचा हात माझ्या पट्ट्याकडे येता येता थबकला. मग तिनं कोंडीबाकडे पाहिलं. पाटलाच्या घरचा माणूस तिच्या दारात उभा राहून तिच्या घरातली वस्तू मागत होता, आणि धुऊन देतो म्हणत होता. तिच्या सासूनं हे कधी पाहिलं नव्हतं. सोनाजीनं पाहिलं नव्हतं. भीतीपोटी तिला नकार देता आला नाही, असं समजू नका. तिला आनंद झाला होता. तिनं मला उचलून स्वतःच्या हातानं त्याच्या हातात दिलं.

कोंडीबानं माझ्यात तणनाशक भरलं. त्या भागात गव्हातल्या रुंद पानांच्या तणावर सगळेच टू फोर डी मारतात. काम झाल्यावर त्या भल्या माणसानं शब्द पाळला. कालव्याच्या पाण्यानं मला तीनदा विसळलं, साबणाचं पाणी फिरवलं, वरून चिंच नि राख लावून घासलं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत त्यानं मला परत आणलं, तेव्हा मी दुकानात होतो तसा चकाकत होतो.

"बघा, घासून आणला," तो म्हणाला.

"घासलेलं दिसूनच राहिलं की," केशरबाई म्हणाली, आणि तिनं मला जागेवर ठेवलं. त्या दिवशी तिनं मला पुन्हा धुतलं नाही. दुसऱ्यानं धुतलेलं भांडं पुन्हा धुवायचं म्हणजे काय, हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं. तो अपमान तिला कुणाचा करायचा नव्हता.

पण मित्रांनो, ते विष पितळेवर नव्हतं. ते माझ्या रबरी नळीत आणि चामड्याच्या वायसरात मुरून बसलं होतं. पाण्यानं ते जात नाही. मला ते कळत होतं, माझ्या घशात ते जळत होतं. मला ओरडता आलं असतं तर मी गाव गोळा केलं असतं.

धम्मदीप परत आला. पानांवर भुरीचे पांढरे ठिपके दिसत होते. त्यानं हौदाजवळ मला भरलं, गंधक कालवलं आणि हौदाजवळच्या ओळीपासून फवारायला सुरुवात केली. मी दाब धरायचं नाकारू पाहत होतो. पण अवजाराच्या नकाराला कोण विचारतो? दांडा खालीवर झाला आणि मी फवारत राहिलो. दोन दिवसांत दीड एकर झालं.

पाचव्या दिवशी शेंडे वाकडे झाले. पानं पसरायच्या ऐवजी मिटू लागली, शिरा जवळ आल्या, कडा दातेरी झाल्या. मोहरीएवढे मणी बोट लावलं की गळायचे. धम्मदीप एका ओळीतून दुसऱ्या ओळीत पळत होता. बांधापलीकडेच कोंडीबाचा गहू होता, त्यानं कोंडीबाला बांधावर बोलावलं. मागोमाग केशरबाईही आली.

कोंडीबानं एक पान हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला. "कपाशीवर तणनाशक उडालं की अशीच पानं व्हतेत. भेंडीवानी."

"तुमी गव्हावर काय मारलं?"

"टू फोर डी."

"कधी?"

कोंडीबा बोलायला तोंड उघडत होता. त्याची नजर केशरबाईकडे गेली. ती खाली मातीकडे पाहत होती. पोराला हिनं सांगितलेलं नाही, हे त्याला त्या क्षणी समजलं. त्यानं हातातलं पान मुठीत चुरगाळलं. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडूनच वाऱ्यानं आलं आसंल, धम्मदीप. माझं चुकलं."

तिचं नाव राखायला त्यानं तो आळ अंगावर घेतला. हे त्या बांधावर दोघांनाच माहीत होतं. तिसरा मी, पण मी हौदापाशी पडलो होतो.

आता खरा पेच ऐका. नियम असा होता की शेजारच्या रानातून वाऱ्यानं विष आलं, तर बांधालगतच्या चार-पाच ओळी तेवढ्या बाद करायच्या. बाकीच्या मळ्याला प्रमाणपत्र मिळायचं. पण स्वतःच्या अवजारातून विष गेलं, तर सगळा मळा बाद आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. सगळ्यात जास्त वाकडी पानं बांधाकडे नव्हती, फवारणी जिथून सुरू झाली त्या हौदाकडे होती. धम्मदीप काही आंधळा नव्हता. त्यानं ते पाहिलं होतं आणि पाहून मान फिरवली होती. त्यानं बसून जबाब लिहिला, कोंडीबा पाटलांच्या गव्हावरून वाऱ्याबरोबर तणनाशक आल्याचा. संध्याकाळी तो कागद त्यानं आईपुढं ठेवला. जमीन तिची, सही तिचीच लागणार होती.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

त्यानं वाचलं. तिनं तो कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "हे खोटं हाय. पंप मी दिला होता कोंडीबा भाऊला. तू नाशकाला व्हतास तवा."

धम्मदीपच्या हातातला पेन खाली पडला. "माय! मी सांगितलं व्हतं ना? काहून दिला?"

"त्यानं दारात येऊन मागितला. पैल्यांदा. न्हाई कसं म्हणू?" ती म्हणाली. "घासून आणतो म्हणाला, अन् घासून आणला. आपला पेला घासला तरी बाटलेला, असं त्याच्या बापानं म्हणलं. आता त्याच्या हातचं घासलेलं मी बाटलेलं म्हणू?"

"माय, हे इख हाय. बाट न्हाई. हे धुऊन जात न्हाई."

"मला कुणी सांगितलं व्हतं?"

धम्मदीप खाली बसला. कागद पुढं सरकवून म्हणाला, "तीन वर्षं गेली, माय. एक सही कर. कोंडीबा स्वतःच हो म्हणून राहिला."

"तो माझ्यासाठी खोटं बोलला. मी त्याच्यावर खोटं लिहू? दारूची द्राक्षं लावून पाचवं शील डळमळीत केलंस माझं. खोटं न बोलायचं चौथं मोडायला लावू नको. खरं लिही. मग सही करते."

त्यानं तो कागद फाडला. दुसरा लिहिला. तिनं एकेक अक्षर जोडत सही केली.

साधनाताई आल्या. त्यांनी जबाब वाचला, माझी नळी कापून तिचा तुकडा पिशवीत घातला आणि केशरबाईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मावशी, असं खरं लिहिणारं मला आजवर कुणी भेटलं नाही." पण नियम तो नियम. मळा बाद झाला. मंजुषाचा फोन आला, ती फोनवर रडली असं धम्मदीप म्हणाला. माझा आणि केशरबाईचा फोटो कोणत्याच बाटलीवर गेला नाही. जे थोडे घड उरले ते खायला आंबट, बियांचे. बाजारात कुणी हात लावला नाही. ते पाखरांनी खाल्ले. हौदाजवळच्या वेली पुढं फुटल्याच नाहीत. धम्मदीपनं त्या उपटल्या आणि मार्चमध्ये तो वाळूजला एका कंपनीत कामाला निघून गेला. उरलेल्या ओळींना केशरबाई एकटी पाणी देते.

सगळ्यात वाईट झालं ते वेगळंच. सगळं खरं कळल्यावर कोंडीबा आमच्या वाटेनं यायचा बंद झाला. लांबचा फेरा घालून तो रानात जातो. एकदा बांधावर समोरासमोर गाठ पडली. कडक ऊन होतं. केशरबाईनं कळशीतून तांब्या भरून पुढं केला. "पाणी घ्या, भाऊ."

"नको, केशरबाई," तो खाली पाहत म्हणाला. "कोणत्या तोंडानं पिऊ?"

तो गेला. ती भरलेला तांब्या धरून उभी राहिली. पाटलाच्या घरचा माणूस तिच्या हातचं पाणी न पिता गेला होता. कारण वेगळं होतं, तिला ते पुरतं कळत होतं. तरी ती घरी येऊन माझ्याशेजारी बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली.

मित्रांनो, माझं ऐकाल? तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक खूण करा. फवारताना तोंड नीट झाका, नाहीतर तुमच्याही घरात एखादा सोनाजी होईल. घरातल्या माणसांना हुकूम देऊ नका, कारण सांगा. त्याला एखादं वाक्यच लागतं. आणि आमच्या गावाकडे कधी आलात, तर आधी कोंडीबा पाटलाच्या घरी जा. त्याला सांगा, केशरबाई तुझ्यावर रागावलेली नाही, ती वाट पाहते. मी स्वतः गेलो असतो. पण मला पाठीवर घेतल्याशिवाय कुठं जाता येत नाही, आणि मला आता कुणी पाठीवर घेत नाही.